किरकोळ शस्त्रक्रियेची तारीख

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी त्वचेच्या कर्करोगावर लिहितो आहे असे एका समव्यवसायी मित्रांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, हा गोऱ्या लोकांचा आजार. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी त्यावर लिहावे. आपल्या उधना-लिंबायतमध्ये त्याचे कोणाला काय?" मित्रवर्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. आपल्या कातडीतील मेलॅनिन उन्हापासून आपले पुष्कळ रक्षण करते आणि भारतातील एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा अल्प आहे. परंतु विरळ असल्यामुळेच हा रोग आपल्याकडे उशिरा ओळखला जातो आणि ओळखल्यानंतरही त्याची शस्त्रक्रिया 'बघू, दिवाळीनंतर' या खात्यात जमा होते. प्रस्तुत लेख निदानाविषयी थोडा आणि या 'दिवाळीनंतर'विषयी अधिक आहे.

गोऱ्यांच्या आजाराविषयी एक गोष्ट मात्र आधी सांगितली पाहिजे. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये आपल्या लोकांच्या राहणीशी निगडित अशा कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक होता 'धोतर कर्करोग'. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी धोतर घट्ट कसल्याने तेथील कातडी घासते, काळी पडते, पुढे पांढरी होते, तिला व्रण पडतो आणि काहींच्या बाबतीत त्या व्रणात स्क्वॅमस पेशींचा कर्करोग उद्भवतो. उन्हाचा येथे काहीही संबंध नाही. म्हणजे गोऱ्यांचा तो उन्हाचा आजार आपल्याकडे नसेलही, पण आपला स्वतःचा आजार आपल्याकडे आहेच.

धोतर आता फारसे कोणी नेसत नाही. परकराची नाडी मात्र राहिली आहे. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकिगत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली. एक सत्तर वर्षांची. नऊवारीखाली परकर कसून बांधणारी. तिच्या कुशीवरील व्रण दीड वर्ष बरा होत नव्हता. दुसरी साठीच्या उत्तरार्धातील. परकराविना लुगडे नेसणारी. तिचा व्रण दोन वर्षांचा होता आणि निदान होईपर्यंत रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता. वाचकांनी या दोन मुदतींकडे पुन्हा एकदा पाहावे. दीड वर्ष, दोन वर्षे. पहिल्या काही महिन्यांत जे काम स्थानिक भूल देऊन लहानशा शस्त्रक्रियागृहात उरकले असते, त्याला नंतर मोठे रूप येते. खानदेशातून येथे येऊन स्थायिक झालेल्या आपल्या घरांतील किती आज्या कमरेचा असा काळा पट्टा दाखवावयास लाजतात, हे कुटुंबवैद्य म्हणून काम करणाऱ्यांना मी सांगावयास नको. नाडी सैल बांधा, जागा बदला, रुंद पट्टीचा परकर वापरा, एवढे सांगण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. बायॉप्सीचा अहवाल हातात आल्यावर थांबावे की थांबू नये? याचे उत्तर अहवालातील नावावर अवलंबून आहे. बेसल सेल कार्सिनोमा हा सर्वांत सौम्य. डब्लिनचे आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये त्याचे वर्णन केले. जुन्या पुस्तकांत तो उंदराने कुरतडल्यासारखा व्रण म्हणून येतो, आणि ते नाव सार्थ आहे. तो अत्यंत सावकाश वाढतो, शरीरात अन्यत्र क्वचितच पसरतो, परंतु जेथे बसला आहे तेथे कुरतडत राहतो. आपल्या लोकांत तो बहुधा काळसर असतो, त्यामुळे तीळ किंवा मस समजून सोडून दिला जातो. क्वचित चुना-सोडा लावून जाळला जातो किंवा त्याला घोड्याचा केस बांधला जातो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा अधिक वेगाने वाढतो. ओठावर, कानावर, भाजल्याच्या जुन्या वणावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णात तो झाला तर गाठींत उतरण्याचा धोका वाढतो. मेलॅनोमाच्या बाबतीत थांबण्याचा विषयच नाही.

मेलॅनोमा आपल्या लोकांत उन्हाच्या जागी कमी आणि तळपाय, तळहात, नखाखाली अधिक आढळतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याचे उदाहरण येथे आठवते. त्याच्या पायाच्या अंगठ्यावरील डाग फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीचा मानला जात होता. १९७७ मध्ये निदान झाले, अंगठा काढण्याचा सल्ला त्याने मानला नाही, केवळ नखाची जागा काढून घेतली आणि मे १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. अंगठा काढला असता तर तो निश्चित वाचला असता असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. परंतु अनवाणी चालणाऱ्या आपल्या माणसाच्या टाचेवरील काळा डाग 'काटा मोडला असेल' म्हणून सोडून देताना हे उदाहरण मनात असावे.

ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत हा भेद स्पष्टपणे केलेला आहे. मेलॅनोमा किंवा स्क्वॅमस प्रकाराचा संशय असेल तर रुग्ण तातडीच्या रांगेत जातो. बेसल सेलचा संशय असेल तर नेहमीच्या रांगेत, मात्र जागा किंवा आकारामुळे उशीर नडणार असेल तर त्यालाही तातडी. २०२० च्या करोना साथीत तर लहान बेसल सेलच्या शस्त्रक्रिया काही महिने पुढे ढकलण्याची मुभा अनेक ठिकाणी दिली गेली होती. तेव्हा पाठीवरच्या मसुराएवढ्या बेसल सेलसाठी मुलीचे लग्न पुढे ढकलण्याचे कारण नाही. परंतु तोच मसूर डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकपुडीच्या घडीत किंवा कानाच्या कडेला असेल तर हिशेब वेगळा. तेथे मोकळी कातडी नसते. गाठीभोवती निरोगी कातडीची चार मिलिमीटर कडा सोडून काढावयाचे म्हटले, तरी गाठ आणखी दोन मिलिमीटर वाढलेली असणे म्हणजे साध्या टाक्यांऐवजी कातडी फिरवून आणण्याची वेळ येणे.

गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकावरही हा प्रसंग आला. डाव्या नाकपुडीशेजारी सहा-सात मिलिमीटरची काळसर, चकचकीत कडांची गाठ. अहवाल बेसल सेलचा. इतकी वर्षे रुग्णांना जे सांगितले ते स्वतःला सांगणे सोपे होते, असे म्हणवत नाही. 'कर्करोग' हा शब्द वैद्यालाही रात्री जागवतो. मला तपासणारे शल्यचिकित्सक वयाने माझ्याहून पुष्कळ लहान. त्यांनी सांगितले, "सर, घाई काही नाही." वैद्यकीय दृष्ट्या वाक्य बरोबर होते. पण दवाखान्यातून बाहेर पडताना जाणवले की या वाक्याने मला दिलासा मिळाला, तारीख मिळाली नाही. रुग्णाच्या कानावर 'घाई नाही' पडते आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचे 'गरज नाही' झालेले असते. मी परत फिरून विचारले, "जास्तीत जास्त किती थांबता येईल?" ते म्हणाले, "सहा आठवडे." मग दिनदर्शिका पुढे ठेवून गणेशोत्सवानंतरचा एक मंगळवार ठरविला. आपण सर्वांनी अहवाल देताना कमाल मुदत आकड्यात सांगावी आणि ती कागदावर लिहून द्यावी, एवढेच माझे या लेखातील मागणे आहे. 'लवकर करून घ्या' हा सल्लाही तितकाच निरुपयोगी. कारण आमच्याकडे लवकर म्हणजे पितृपक्ष संपल्यावर.

पितृपक्ष आला आहे तर त्याविषयीही दोन शब्द. बेसल सेलसाठी पंधरा दिवस थांबल्याने काही बिघडत नाही, आणि रुग्णाच्या मनाची शांतता हीदेखील वैद्यकाने विचारात घेण्याची गोष्ट आहे. अशा वेळी श्रद्धेशी वाद घालण्यापेक्षा घटस्थापनेनंतरची तारीख तेथल्या तेथे लिहून द्यावी. अडचण त्या पंधरवड्याची नसते. त्याच्यापाठी नवरात्र, मग दिवाळी, मग गावाकडचे लग्न आणि मग उत्तरायण येते. उत्तरायणात तर सुरतेचा माणूस दिवसभर गच्चीवर उन्हात उभा राहणार, तेव्हा नाकावर ताजी जखम नको, हे कारण निदान खरे तरी आहे. चेहऱ्याचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, पाठीचे दहा ते चौदा दिवसांनी, आणि पायाच्या नळीवरील जखम वृद्धांमध्ये बराच काळ घेते. हे आकडे माहीत असले की सण आणि शस्त्रक्रिया यांची सांगड सहज घालता येते.

थांबण्याची खरी वैद्यकीय कारणे थोडी आहेत. साखर फार वाढलेली असेल तर ती आटोक्यात आणण्यास दोन-तीन आठवडे द्यावेत. हृदयात स्टेंट बसविलेले रुग्ण मात्र या बाबतीत भलतेच धाडस करतात. शस्त्रक्रिया ऐकली की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच बंद करतात. कातडीच्या लहान शस्त्रक्रियेसाठी त्या बहुधा चालूच ठेवता येतात. जखमेतून थोडे अधिक रक्त येईल, ते दाबून थांबविता येते. स्टेंट बंद पडला तर ते थांबविता येत नाही. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावे.

आणि रोजंदारीचा प्रश्न. बारा तासांच्या पाळीत मागावर उभा राहणारा आपला माणूस बायॉप्सीला एक दिवस, अहवालाला एक, शस्त्रक्रियेला एक, मलमपट्टीला दोन, टाके काढण्यास एक, असे सहा खाडे कसे करणार? त्याच्या टाळाटाळीला आपण अज्ञान म्हणतो. माझ्या मते तो चोख हिशेब करीत असतो. लहान आणि स्पष्ट दिसणारी गाठ असेल तर जोखीम समजावून एकाच बैठकीत संपूर्ण काढून तपासणीस पाठविणे हा मार्ग अशा रुग्णासाठी पुष्कळदा योग्य ठरतो. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन यांच्या छातीवरील बेसल सेल फेब्रुवारी २०२३ मध्ये नेहमीच्या तपासणीतच काढला गेला; नाव नंतर कळले. अध्यक्षांचा वेळ वाचविता येतो तर पांडेसऱ्याच्या कारागिराचाही वाचवावा.

विद्रूपतेच्या भीतीने थांबणारे रुग्ण, विशेषतः स्त्रिया, यांना मी एक जुनी कथा सांगतो. इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या मराठा बैलवानाला टिपूच्या लोकांनी पकडून त्याचे नाक कापले. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ एका देशी वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसविले. ते वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापले गेले आणि तेथूनच पाश्चात्य शल्यचिकित्सकांनी ही पद्धत उचलली. नाकावरील मोठा कर्करोग काढल्यावर आजही हीच कपाळाची कातडी उपयोगी पडते, आणि तिचा देठ आजही सुमारे तीन आठवड्यांनी कापतात. नाक करता येते. परंतु गाठ वाटाण्याएवढी असताना आल्यास ते करावेच लागत नाही.

शेवटी एक विषय, ज्यावर माझे मत सर्वांना पटणार नाही. नव्वदीचे आजोबा, हृदय थकलेले, अंथरुणाला खिळलेले. गालावर सावकाश वाढणारा, न दुखणारा बेसल सेल. मुले सुशिक्षित, खर्चाला तयार, "काढूनच टाका" म्हणणारी. अमेरिकेत डॉ. एलेनी लिनोस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की असे कर्करोग रुग्णाचे उरलेले आयुष्य किती याचा विचार न करता बहुतांशी शस्त्रक्रियेनेच काढले जातात. आपल्याकडेही, जेथे पैसा आहे तेथे, हे सुरू झाले आहे. अशा वेळी छायाचित्र काढून ठेवावे, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे, रक्त किंवा दुर्गंधी येऊ लागली तर विचार करावा. हा निर्णय घेताना आजोबांनाही विचारावे; पुष्कळदा खोलीत सर्वांना विचारले जाते, त्यांना सोडून. मात्र सत्तरीची, चालतीफिरती, नातवंडांना शाळेत पोहोचविणारी आजी या नियमात बसत नाही. तिच्यापुढे पंधरा-वीस वर्षे आहेत आणि तेवढ्या काळात हा रोग पापणी खाऊ शकतो.

एकदा बेसल सेल झालेल्या माणसाला पुढील काही वर्षांत दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते. म्हणून टाके निघाल्यावर पुढच्या वर्षीच्या तपासणीची तारीखही त्याच कागदावर लिहून द्यावी, आणि त्या दिवशी केवळ जुना वण न पाहता रुग्णाचा सदरा उतरवून पाठ, कान आणि तळपायही पाहावेत.