सामाईक सातबारा

आमच्या तात्यांचं आणि बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचं तेरा वर्षं बोलणं नव्हतं. नांगरताना फाळ जरा आत घालून त्याने बांध कोरला, एवढंच असतं तर तात्यांनी चार शिव्या देऊन विषय सोडला असता. पण त्याने वरच्या अंगाची जुनी चारी बुजवली आणि त्याच्या रानातलं पावसाचं पाणी आमच्या तुरीत उतरायला लागलं. दोन वर्षं तूर पिवळी पडून गेली. मग तात्यांनी तालुक्याला अर्ज टाकला. 1906 सालचा मामलतदार न्यायालय कायदा अजून चालू आहे. त्याच्या कलम 5 प्रमाणे पाण्याची नैसर्गिक वाट कुणी अडवली तर ती मोकळी करून घेता येते. स्थळपाहणी झाली, पंच बसले, चारी उकरली गेली. बोलणं मात्र सुरू झालं ते शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात.

हे आठवायचं कारण म्हणजे जर्मनीतला एक खटला. तोही बांधाचाच, फक्त वादी-प्रतिवादींच्या मध्ये सुमारे दहा हजार किलोमीटरचं अंतर.

पेरू देशात अँडीज पर्वताच्या कुशीत वारास नावाचं शहर आहे. तिथले साऊल लुसियानो ल्यूया हे शेतकरी, आणि जोडीला गिर्यारोहकांचे वाटाडे. शहराच्या डोक्यावर पाल्काकोचा नावाचा तलाव आहे, हिमनदीच्या पाण्याने फुगत चाललेला. डिसेंबर 1941 मध्ये तो एकदा फुटला होता, तेव्हा दीड हजारांहून जास्त माणसं गेली. पुन्हा फुटला तर घर जाईल, ही साऊल यांची धास्ती. 2015 मध्ये त्यांनी जर्मनीतल्या एसेन शहरातल्या आरडब्ल्यूई या बड्या वीज कंपनीवर दावा लावला. कंपनीचं पेरूत एकही वीजकेंद्र नाही. पण रिचर्ड हीडी या संशोधकाने कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटवाल्या कंपन्यांचे जुने हिशेब उकरून प्रत्येकीच्या नावावर किती धूर चढतो ते मांडलं होतं. त्यात आरडब्ल्यूईच्या नावावर 0.47 टक्के निघाले. साऊल यांनी तेवढंच मागितलं. तलावाच्या बंदोबस्ताला जो खर्च येईल त्याचे 0.47 टक्के, म्हणजे सुमारे 17,000 युरो. आपले सोळा-सतरा लाख.

कलम कुठलं लावलं, तर जर्मन नागरी संहितेतलं 1004. शेजाऱ्याच्या उद्योगामुळे माझ्या मालमत्तेला बाधा येत असेल तर ती त्याने दूर करावी, असं ते सांगतं. ही संहिता 1900 सालची, आपला मामलतदार कायदा त्यानंतर सहा वर्षांचा. दोन्ही कायदे करणाऱ्यांच्या स्वप्नातही हिमनदी आली नसणार.

खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. वरच्या हाम इथल्या कोर्टाने तो 2017 मध्ये पुराव्याला घेतला. 2022 मध्ये न्यायाधीश स्वतः पेरूला जाऊन तलाव बघून आले, म्हणजे स्थळपाहणीसुद्धा झाली. 28 मे 2025 ला निकाल लागला आणि साऊल हरले. पुढच्या तीस वर्षांत पुराचं पाणी त्यांच्या घराला लागण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे आणि तेवढी पुरेशी नाही, असं कोर्ट म्हणालं. पण त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं, की असा दावा कायद्यात बसतो, अंतर लांब आहे म्हणून जबाबदारी टळत नाही. दावा गेला, पण शेजारी कोण, याची व्याख्या एसेनपासून अँडीजपर्यंत ताणली गेली. दोन महिन्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही देशांच्या बाबतीत सल्लारूपाने असंच मत दिलं. हवामान राखणं ही कायद्याने आलेली जबाबदारी आहे आणि ती मोडली तर भरपाईपर्यंत जाता येतं. त्या प्रकरणाची सुरुवात 2019 मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती. मला या पोरांचं फार कौतुक वाटतं.

हवामानाच्या प्रश्नावर ‘आपण सगळेच जबाबदार आहोत’ हे वाक्य कानावर पडलं की मला आमच्या भाऊकीतली सामाईक विहीर दिसते. ज्याने जन्मभर बारा आणे पाणी ओढलं, तोच उन्हाळ्यात म्हणतो, ‘विहीर सगळ्यांची हाय, गाळ मिळून काढू.’ वाक्य खोटं नसतं, त्यात फक्त आकडा नसतो. माणशी ‘कार्बन फूटप्रिंट’ मोजायचं खूळ घरोघरी पोचवण्यात 2004-05 च्या सुमाराला ब्रिटिश पेट्रोलियमच्या जाहिरातींचा मोठा हात होता. तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला विचारायचं, तू किती जाळलंस!

1992 मध्ये रिओला देश जमले तेव्हा करारात शब्द घातले गेले : सामाईक, परंतु वेगवेगळी जबाबदारी. मोठमोठे मुत्सद्दी त्यावर तीस वर्षं वाद घालतायत, पण कुठल्याही तलाठ्याला ते एका दमात कळेल. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. गावात कुणी म्हणत नाही.) सातबारा सामाईक असतो, सगळ्या भावाबहिणींची नावं त्यावर असतात, आणि नावापुढे आणेवारी असते. आणे 1957 साली व्यवहारातून जायला लागले, आणेवारी राहिली. जगाच्या सातबाऱ्यावर आजवरच्या जीवाश्म इंधनांच्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ चार आणे एकट्या अमेरिकेच्या नावावर आहेत. भारताच्या नावावर अर्धा आणा, फार तर थोडा वर. माणशी बघितलं तर अमेरिकेत वर्षाला 14 टनांच्या आसपास, आपल्याकडे दोन.

इथवर हिशेब आपल्या बाजूने आहे, म्हणून तो आपल्याला आवडतो. पण हीडी यांच्या त्याच यादीत आपली कोल इंडियाही आहे, आरडब्ल्यूईच्या बरीच वर. तिच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी चंद्रपूर-यवतमाळकडे आहेत. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र 2,920 मेगावॉटचं. उन्हाळ्यात चंद्रपूर पंचेचाळीस अंशांच्या वर भाजून निघतं, आणि तिथली वीज तारेवरून पश्चिमेला येते. पुण्यातल्या माझ्या घरात दोन एसी आहेत. त्या दोन टनांच्या सरासरीत मीही आहे आणि तात्याही.

2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला आणि तात्यांचं नदीकडचं रान खरडून गेलं. नुसतं पीक गेलं असतं तर पुढच्या हंगामाचं बघता आलं असतं. इथे माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. एका पुराचं सगळं माप तापमानवाढीच्या पदरात टाकू नये, हे मला कळतं. धरणाचे विसर्ग असतात, नदीपात्रातली अतिक्रमणं असतात. पण हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि धरलेलं कुठेतरी ओतते.

पंचनाम्याच्या वेळी मी गावीच होतो. गट नंबर, क्षेत्र, पीक, बाधित क्षेत्र. कारण : अतिवृष्टी व पूर. खाली पंचांच्या सह्या. पंच असतात, पण आरोपीचा रकाना नसतो.

संध्याकाळी ओट्यावर तात्यांना पेरूची गोष्ट सांगितली. पैशाचा आकडा त्यांनी मनावर घेतला नाही.

“धा वरसं चालली म्हन की केस. आणि मोजणी कुणी केली म्हनलास?”

“एका संशोधकानं. कंपन्यांच्या जुन्या हिशेबांवरून.”

“म्हंजी मोजता येतं.”

“येतं.”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आन तुझ्या नावाची किती आणेवारी निघती रं?”

मी म्हणालो, काढलेली नाही.

“मग आधी मोजणीची फी भर,” असं म्हणून ते गुरांना वैरण टाकायला उठले.