डेटाचा खटला आणि चुकीची कसोटी




यंत्रमानवांना हक्क असावेत का, असा वाद निघाला की ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ मालिकेतल्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागाचा दाखला हमखास दिला जातो. फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेत दाखवलेला हा भाग उत्तम आहे, यात शंका नाही. पण ज्या युक्तिवादासाठी त्याची इतकी वाहवा होते, तोच त्यातला सर्वांत कच्चा दुवा आहे.

डेटा हा अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा यंत्रमानव, अवकाशदलात लेफ्टनंट कमांडर आहे. ब्रूस मॅडॉक्स या संशोधकाला त्याचे भाग सुटे करून तसेच आणखी अनेक बनवायचे आहेत. मॅडॉक्सची तयारी अपुरी आहे हे ओळखून डेटा नकार देतो, बदलीचा हुकूम आल्यावर राजीनामा देतो, आणि तेव्हा त्याला सांगितले जाते की तो दलाची मालमत्ता आहे. मालमत्तेला राजीनामा कसला?

मग खटला उभा राहतो. मॅडॉक्स तीन निकष मांडतो : बुद्धिमत्ता, स्वतःची जाणीव आणि चेतना. जाणीव सिद्ध करायला डेटाची बाजू मांडणारा कॅप्टन पिकार्ड डेटालाच विचारतो, तू आत्ता काय करतो आहेस? आपले हक्क आणि दर्जा ठरवणाऱ्या सुनावणीत आपण भाग घेत आहोत, असे डेटा नेमकेपणाने सांगतो. १९८९ च्या प्रेक्षकाला हे उत्तर थक्क करणारे वाटले असेल. आज फोनमधला कुठलाही चॅटबॉट अशी वाक्ये न अडखळता लिहून देतो आणि त्यावरून त्याला जाणीव असल्याचे सिद्ध होत नाही. पुरावा म्हणून त्या उत्तराची किंमत उरलेली नाही.

पण खरी अडचण याहून जुनी आहे. पटकथालेखिका मेलिंडा स्नॉडग्रास पूर्वी वकिली करत आणि या कथेमागे ड्रेड स्कॉट खटल्याची प्रेरणा होती. त्या खटल्यात १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्कॉट या गुलामाला दाद मागण्याचाच अधिकार नाकारला. स्कॉटला मन आहे की नाही, हा तिथे वादाचा मुद्दाच नव्हता. पळालेल्या गुलामांसाठी वर्तमानपत्रात जाहिराती देताना मालक स्वतःच लिहीत की हा हुशार आहे, सुतारकाम जाणतो, याला वाचता येते. गुन्ह्यासाठी गुलामांवर खटले चालत, म्हणजे त्यांना स्वतःची इच्छा असते हेही कायद्याला मान्य होते. तिन्ही निकषांत ते बसत होते आणि तरीही विकले जात होते. मालकाला फायदा हवा होता, आणि त्याला अडवणारे कोणी नव्हते. डेटाच्या खटल्यात पिकार्डची मैत्रीण गायनन त्याला गुलामगिरीची आठवण करून देते ती अगदी योग्य जागी. पण तोच धागा धरला, तर निकषांची सगळी चर्चा गैरलागू ठरते.

याच भागात एक प्रसंग मात्र कसोटीवर उतरतो. राजीनाम्यानंतर डेटाने भरलेल्या बॅगेतल्या वस्तू न्यायालयापुढे मांडल्या जातात : पदके, पिकार्डने दिलेले पुस्तक, मृत सहकारी ताशा यारची छोटी त्रिमित प्रतिमा. पदके कशाला घेतलीस, असे विचारल्यावर त्याच्याकडे उपयोगाचे कारण नसते. ती त्याला हवी होती, एवढेच.

न्यायाधीश लूव्वा अखेर मान्य करतात की डेटाला आत्मा आहे का, हे ठरवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. तरी निवड करण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळालेच पाहिजे. निकाल योग्य आहे, पण त्यासाठी तीन निकषांची ती परीक्षा लागतच नव्हती. शिवाय तो लागू झाला एकट्या डेटाला. १९९० च्या ‘द ऑफस्प्रिंग’ भागात त्याने घडवलेल्या मुलीवर (तिचे ‘लाल’ हे नाव त्याने हिंदीतून घेतलेले) तेच दल हक्क सांगायला येते. पुढे २०२० च्या ‘स्टार ट्रेक : पिकार्ड’मध्ये तर मंगळावरच्या जहाज-कारखान्यात राबणारे अँड्रॉइड काम संपले की कपाटासारख्या खणांत उभे करून ठेवलेले दिसतात.

सुटल्यावर डेटा मॅडॉक्सला संशोधन चालू ठेवायला सांगतो. प्रयोगाला त्याचा विरोध कधीच नव्हता. ही तयारी पुरेशी नाही आणि म्हणून माझी संमती नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. पण संपूर्ण सुनावणीत त्या नकाराच्या कारणांची चौकशी कोणीच करत नाही.


एक वाचक