पेपर माऊसवर, तयारी मोबाईलवर! चुकीच्या क्लिकनं मार्क जाऊ शकतात

तलाठी भरती असो की इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतीच्या प्रवेशाची सीईटी, पेपर आता कॉम्प्युटरवर होतो. गावाकडच्या पोरांची तयारी मात्र मोबाईलवर चालते. व्हिडिओ मोबाईलवर, नोट्स मोबाईलवर, टेस्ट सिरीजही मोबाईलवरच. त्यामुळे अनेकांच्या हातात माऊस येतो तो थेट परीक्षा केंद्रावर. अभ्यास पक्का असूनही गाडी इथंच अडू शकते.

वेळेचं गणित

२०२३ ची तलाठी भरती परीक्षा ऑनलाईन झाली. १०० प्रश्न, २०० मार्क, वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. त्यात बाण शोधण्यात आणि बटणावर नेण्यात प्रत्येक वेळी पाच सेकंद गेली, तर १०० प्रश्नांमागे आठ मिनिटं गेली. एवढ्या वेळात आणखी सात ते नऊ प्रश्न झाले असते.

शहरातल्या पोरांना ही अडचण कमी येते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या शहरी भागात शंभरातल्या साधारण २३ घरांत कॉम्प्युटर होता. ग्रामीण भागात हे प्रमाण जेमतेम ४ घरांचं होतं. त्यानंतर गावोगावी स्मार्टफोन पोचले, पण स्मार्टफोननं माऊस शिकवला नाही.

चूक नेमकी कुठं होते?

कॉम्प्युटरवर फोल्डर उघडायला डाव्या बटणावर दोनदा टकटक करावं लागतं, म्हणजे डबल क्लिक. नवखा माणूस हेच पहिल्यांदा शिकतो आणि मग सगळीकडं डबल क्लिक करत सुटतो. परीक्षेत हे महागात पडतं. अनेक ऑनलाईन परीक्षांच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की, निवडलेल्या पर्यायावर पुन्हा क्लिक केलं की निवड रद्द होते. म्हणजे बरोबर उत्तर निवडलं आणि दुसऱ्या क्लिकनं स्वतःच पुसलं.

दुसरी चूक 'सेव्ह अँड नेक्स्ट'ची. उत्तर निवडून हे बटण न दाबता बाजूच्या चौकटीतल्या दुसऱ्या प्रश्नाच्या नंबरवर क्लिक केलं, तर आधीचं उत्तर सेव्ह होत नाही. हेही सूचनांमध्ये असतं, पण घाईत वाचतं कोण?

साधा नियम लक्षात ठेवावा. डेस्कटॉपवरचं चित्र किंवा फोल्डर उघडायला दोन क्लिक. वेबसाईटवर, फॉर्मवर, परीक्षेत एकच क्लिक. पैसे भरायच्या बटणावर तर एकदाच क्लिक करून थांबावं. पान उघडायला वेळ लागला म्हणून परत दाबलं, तर पैसे दोनदा कटू शकतात.

उजव्या बटणानं कॉपी, पेस्ट असे पर्याय उघडतात. परीक्षेत त्याचं काम नाही. मधलं चाक फिरवलं की पान खालीवर होतं. उतारा मोठा असेल तर चाक फिरवल्याशिवाय खालचा भाग दिसत नाही.

लॅपटॉपवर माऊसऐवजी ट्रॅकपॅड असतो. एका बोटानं बाण फिरवायचा, दोन बोटं सरकवून पान खालीवर करायचं, दोन बोटांनी टॅप केलं की बहुतेक लॅपटॉपवर उजवं बटण दाबल्यासारखं होतं.

कॉम्प्युटर नसला तरी सराव होतो

लॅपटॉप घेणं प्रत्येक घराला परवडत नाही. पण वायरचा साधा माऊस काहीशे रुपयांत मिळतो आणि ओटीजी कनेक्टर त्याहून स्वस्त. ओटीजी चालणाऱ्या अँड्रॉइड मोबाईलला कनेक्टर लावून माऊस जोडला की स्क्रीनवर बाण दिसतो. रोजची टेस्ट सिरीज बोटाऐवजी याच माऊसनं सोडवली, तर पंधरा दिवसांत हात बसतो. मनगट टेबलावर टेकवून माऊस हलकेच सरकवायचा आणि क्लिक करताना हात स्थिर ठेवायचा. माऊस हलला की बाण शेजारच्या पर्यायावर जातो.

परीक्षा घेणाऱ्या संस्था बऱ्याचदा वेबसाईटवर सराव परीक्षा ठेवतात. ती एकदा तरी कॉम्प्युटरवरच सोडवावी. मोबाईलवर सोडवली तर प्रश्न कळतात, हाताला सवय लागत नाही.

गावाला काय करता येईल?

अनेक शाळांत कॉम्प्युटर आहेत, पण शाळा सुटली की खोलीला कुलूप लागतं. ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर दाखल्यांच्या कामात गुंतलेला असतो. परीक्षेच्या आधीचा एक महिना शाळेची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवली, तर बारावीच्या आणि भरतीच्या पोरांचा प्रश्न सुटतो. त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समितीनं आणि ग्रामपंचायतीनं मिळून चावी कुणाकडं राहील आणि वीजबिल कोण भरेल, एवढं ठरवलं तरी पुरे. हा विषय पुढच्या ग्रामसभेत पालकांनीच काढायला हवा. पोरांनी वर्षभर रात्री जागून केलेला अभ्यास एका क्लिकपायी वाया जाऊ नये.