दिवसाची लाइन

रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचे तर यवतमाळच्या शेतकऱ्याला आधी घड्याळ पाहावे लागते. कृषी वाहिन्यांचा जुना हिशेब ठरलेला: आळीपाळीने दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा. रात्रपाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे. राळेगाव-पांढरकवड्याच्या लोकांनी टी-१ वाघिणीच्या धास्तीत दिवस काढले. ती नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. रानडुकरे, साप आणि रात्रीचे ओलीत मात्र राहिलेच. त्याच जिल्ह्यात वणीकडे कोळसा निघतो, वीजकेंद्रांकडे जातो. ज्यांच्या जमिनीखालून इंधन निघते त्यांनीच दिवसाची वीज मागत फिरावे, हा विदर्भाचा जुनाच हिशेब.

म्हणून सरकारच्या सौरधोरणाला या जिल्ह्याने एकच प्रश्न विचारायला हवा: दिवसा पाणी देता येते का?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तेव्हा प्रायोगिक प्रकल्पासाठी राळेगणसिद्धीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी निवडले गेले. कल्पना सरळ होती. उपकेंद्राजवळ पॅनेल उभारायचे आणि ती वीज थेट कृषी वाहिनीला द्यायची. शेतकऱ्याचा पंप तोच, विहीर तीच, फक्त लाइन दिवसा. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास मिळणारी ही वीज महावितरणलाही परवडते. आमच्या मते या जिल्ह्याला हाच मार्ग मानवणारा आहे.

सरकारचा उत्साह मात्र स्वतंत्र सौरपंपांत जास्त दिसतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे. सवलत मोठी आहे, नाकारण्याचे कारण नाही. लाइनच न पोचलेल्या शेताला तर हा पंप वरदानच. पण पंपाची ताकद सातबाऱ्यावरून ठरते: अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच. मार्चमध्ये विहिरीचे पाणी किती खाली जाते, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. साधी जोडणी मागणाऱ्यालाही आता बहुधा सौरपंपच पुढे केला जातो. मग 'मागेल त्याला' याचा अर्थ काय उरतो?

२०२५ च्या अखेरीस राज्याने एका महिन्यात ४५ हजारांहून अधिक सौरपंप बसवून जागतिक विक्रम केला. बसवलेल्यांपैकी चालू किती, याचा विक्रम कोणी मोजत नाही. पहिली पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराची असते. वावटळीत पॅनेल उलथले की तक्रार मोबाइलवरून नोंदवता येते. माणूस शेतात कधी येईल, हे मोबाइल सांगत नाही. पंधरा दिवसांचा खोळंबा या जिल्ह्यात किरकोळ मानता येणार नाही. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीवन संपवले. बिल थकल्याने वीज तुटली आणि उभे पीक वाळले, हे त्यामागचे एक कारण आजही सांगितले जाते.

जमिनीचाही प्रश्न आहे. वाहिनी प्रकल्पासाठी खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख. ई-क्लासच्या सरकारी चराऊ जमिनीवर शेळ्या चारणाऱ्याला यातले काय? त्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही. घाटंजी, केळापूर, राळेगाव, मारेगावच्या पेसा गावांत तरी ग्रामसभेला विचारल्याशिवाय कुंपण पडू नये, आणि विचारणे म्हणजे ठरावावर सह्या गोळा करणे नव्हे.

महावितरणने प्रत्येक उपकेंद्राबाहेर एक फळा लावावा. कोणत्या वाहिनीला काल दिवसा किती तास वीज मिळाली, किती सौरपंप बंद आहेत आणि किती दिवसांपासून, एवढेच त्यावर खडूने रोज लिहावे. त्याला ना निविदा लागते, ना अ‍ॅप. पहिला फळा कोळंबीला वीज देणाऱ्या उपकेंद्राबाहेर लागावा, तोही यंदाचा हरभरा पेरण्याआधी.