खोपीतले मूल आणि आपली कुटुंबव्यवस्था

दिवाळी सरली की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे दिसू लागतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या आसऱ्याने खोपींच्या वस्त्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. राबतात दोघे, उचल मात्र बहुधा पुरुषाच्या हाती. रात्री खोपीत बाईला मारहाण झाली तर मूल ते सारे पाहते. सकाळी ते अंगणवाडीत गप्प बसून असते. ते मौन वाचायला अंगणवाडी सेविकेला कोणी शिकविले आहे काय?

कायद्याची वाण नाही. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाने शासकीय अधिकारी, पोलीस व न्यायाधीश यांना वेळोवेळी प्रशिक्षण देणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार, सांभाळणाऱ्यानेच इजा केलेल्या मुलाच्या संरक्षणाचा निर्णय बालकल्याण समिती करते. परंतु समितीपर्यंत प्रकरण नेणारी पहिली पायरी गावातच असते, आणि तीच कच्ची राहते.

मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या साहाय्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, तो प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांच्या बळावर. प्रशिक्षण म्हणजे सभागृहातील भाषण व हजेरीपटावरील सही नव्हे. मुलाला आईबापांसमोर विचारू नये, तीच हकीकत पुनःपुन्हा वदवून घेऊ नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे खोटे वचन देऊ नये. आईला ‘जुळवून घे’ म्हणण्यापूर्वी आजची रात्र ती कोठे काढणार हे विचारावे. हंगाम संपून बिऱ्हाड बीडकडे निघाले, तर तिकडच्या कार्यकर्तीला कळवावे. हे सरावानेच अंगवळणी पडते.

परक्याने घरात डोकावले तर कुटुंब मोडेल, अशी शंका आपल्यातलेच काही घेतात. कुटुंब मोडते ते मारहाणीने; विचारपूस करणाऱ्या कार्यकर्तीमुळे नव्हे. गृहस्थाश्रम हा इतर आश्रमांचा आधार, असे आपण मानतो. आधारच पोखरला जात असता मौन पाळणे ही संस्कृतिनिष्ठा नाही. कुटुंबप्रबोधनाच्या बैठका आपण पक्क्या घरांतून घेतो. खोपीपर्यंत आपली पावले कधी पोहोचणार? सरकारकडे प्रशिक्षणाची मागणी करताना हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे.