हक्क कागदावर, आधार बाजारात

बुद्धी तल्लख, पण लक्ष एका जागी ठरत नाही. विषय उमगतो, पण निबंध मुदतीत पुरा होत नाही. अशा विद्यार्थ्यावर ‘हुशार, पण आळशी’ असा शिक्का मारून समाज मोकळा होतो. वैद्यकशास्त्र या अवस्थेला एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणते. तो मेंदूच्या वाढीतील वेगळेपणा आहे, चारित्र्यातील उणीव नव्हे. अशा मुलांना सांभाळून घेणारे महाविद्यालय कोठे शोधावे, या प्रश्नाबाबत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे.

तेथे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९७५ च्या कायद्याने विशेष शिक्षणाची गरज असलेले मूल हुडकून त्याची विनामूल्य तपासणी करणे हे सार्वजनिक शाळांचे कर्तव्य ठरवले. परंतु महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर हे कर्तव्य संपते. तेथे विद्यार्थ्यानेच पुढे यायचे, स्वखर्चाने तपासणीचे कागद जमवायचे, सवलत मागायची. ज्याला कामाची जुळवाजुळव करणेच जड जाते, त्याच्याच माथी ही सारी जुळवाजुळव!

एवढे केल्यावर परीक्षेत जादा वेळ आणि शांत खोली मिळते. मात्र दर आठवड्याला शेजारी बसून अभ्यासाची आखणी करून देणारा मार्गदर्शक कायदा देत नाही. तो व्हर्माँटमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या लँडमार्क महाविद्यालयात मिळतो. पण ती संस्था खासगी आणि महागडी. तो अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या सॉल्ट केंद्रातही मिळतो. पण त्यासाठी शिक्षणशुल्काखेरीज वेगळे शुल्क मोजावे लागते. शिष्यवृत्त्या आहेत, परंतु शिष्यवृत्ती म्हणजे हक्क नव्हे. कायद्याने दार उघडले. आतली वाट मात्र ऐपतीप्रमाणे विकली जाते.

या अनुभवाकडे तटस्थपणे पाहण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २१ प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे येथे कागदावरचा हक्कही अर्धाच. तो पुरा करून घेतला पाहिजेच. त्याबरोबरच मोफत तपासणी आणि नियमित मार्गदर्शन ही प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाची जबाबदारी ठरली पाहिजे. नाहीतर सधन घरचा मुलगा ‘वेगळ्या पद्धतीने शिकणारा’ म्हणून पदवीधर होईल, आणि तितकाच बुद्धिमान मजुराचा मुलगा ‘नापास’ म्हणून घरी परतेल.