ऊन सर्वांवर सारखे पडत नाही

विदर्भातील उन्हाळा वृत्तपत्रांच्या दृष्टीने एक शर्यत होऊन बसला आहे. एप्रिल उजाडला की अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी यांपैकी आज कोणी पहिला क्रमांक पटकावला याच्या बातम्या सुरू होतात. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला, तेव्हा त्या आकड्याची नोंद एखाद्या विक्रमासारखी झाली. वर्ध्यात मे महिन्यात ४४-४५ अंश तापमान असणे हे तर नवल राहिलेले नाही. मात्र त्या दिवशी, त्या वेळी, वावरात, रस्त्याच्या कामावर किंवा विटांच्या भट्टीवर कोण उभे होते, हा प्रश्न या शर्यतीत कोणी विचारीत नाही. पारा सर्वांसाठी एकच असतो, ऊन मात्र सर्वांवर सारखे पडत नाही. हे विषम वाटप निसर्गाने केलेले नाही, समाजव्यवस्थेने केले आहे.

वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा दोन तोंडांचा आहे. एप्रिलपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो कोरडा असतो. वायव्येकडून येणारे तप्त वारे, भेगाळलेली काळी जमीन आणि आटत गेलेल्या वणा, यशोदा, धाम या नद्या हे त्याचे एक तोंड. दुसरे तोंड दुपारनंतर दिसते. मध्य भारतावर या दिवसांत हवेचा दाब कमी होतो आणि बंगालच्या उपसागरावरून, कधी अरबी समुद्रावरूनही, बाष्प आत ओढले जाते. हे दमट वारे आणि कोरडे तप्त वारे जेथे भेटतात, तेथे भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते. दोन-तीन वाजेपर्यंत क्षितिजावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहतात. चार वाजता वावटळ उठते, टिनाचे पत्रे उडतात, वीज कडाडते, कधी गारा पडतात आणि अर्ध्या-पाऊण तासात सारे संपते. नवतपाच्या दिवसांत ही वादळे अधिक जाणवतात.

या पावसाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मातीचा वास, पहिली सर, गारवा यांची वर्णने शहरी वाचकाला पाठ आहेत. शेतकऱ्याचा अनुभव याहून वेगळा आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील संत्रा-बागायतदार मृग बहारासाठी झाडांना ताण देऊन बसलेला असतो. मेमधील एक जोरदार सर तो ताण मोडते. आंबिया बहाराची फळे झाडावर असतील तर गारांचा मार त्यांना बसतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्राच्या मोठ्या भागात उभी पिके झोडपून काढली, ती आठवण अजून जुनी झालेली नाही. कोरडवाहू कापूसवाल्याचा धोका आणखी निराळा. अवकाळी पावसाच्या दोन सरी त्याला पेरणीचा मोह पाडतात. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. पण कर्जाने आणलेले बियाणे घरात असते, मजूर पुढे मिळतील की नाही याची धास्ती असते, आणि पाऊस लांबला की दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. वर्धा जिल्हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक होता. त्या जिल्ह्यात दुबार पेरणीचा अर्थ काय होतो, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

घाम वाळत नाही तेव्हा

वादळ येऊन गेले की उकाडा संपला, अशी एक समजूत आहे. ती घातक आहे. मनुष्याचे शरीर आपली उष्णता मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर टाकते. हवा कोरडी असेल तर ४३ अंशांतही, पाणी आणि सावली मिळाली तर, शरीर तग धरू शकते. हवेत बाष्प वाढले की घाम वाहतो, पण वाळत नाही, आणि मग पारा चार-पाच अंशांनी खाली असूनही शरीर आतून तापत जाते. विदर्भातल्या घराघरांतला कूलरही याच दिवसांत निरुपयोगी ठरतो, कारण त्याचे शास्त्रही तेच आहे. त्यातच वादळाने तारा तुटून वीजपुरवठा बंद पडला, तर पंखाही फिरत नाही.

दमट हवेतील ऊन किती क्रूर असते, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पाहिले. ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखोंचा समुदाय उघड्या मैदानात तासन्‌तास बसविण्यात आला आणि १४ माणसे उष्माघाताने गेली. त्या दिवशी तेथील तापमान वर्ध्याच्या मानाने कमीच होते. परंतु मंडप मान्यवरांच्या व्यासपीठावर होता आणि ऊन भाविकांच्या मैदानात. महाराष्ट्रातील उन्हाच्या प्रश्नाचे याहून स्पष्ट चित्र काढता येणार नाही.

उन्हापासून दूर जाण्याचा अधिकार येथे नेहमीच वरच्या वर्गाला मिळालेला आहे. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जाऊन बसत असे. स्वराज्यात सरकार डोंगरावर जात नाही. वातानुकूलित दालनात बसते. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. येथले ऊन निराळे आहे याची ही शासनाने दिलेली कबुलीच होय, आणि ती योग्यही आहे. पण मुलाला शाळेत पाठविण्यासाठी जे ऊन घातक ठरते, तेच ऊन त्याच्या आईला धसकटे वेचण्यासाठी आणि बापाला पाटाची माती उपसण्यासाठी घातक कसे ठरत नाही?

कायद्याची सावली कोठपर्यंत?

१९४८ च्या कारखाना कायद्यात हवा खेळती ठेवण्याची व तापमान सुसह्य राखण्याची तरतूद होती. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय मालकाने केली पाहिजे, असाही दंडक होता. त्या कायद्यामागे संघटित कामगारांच्या लढ्याचे बळ होते. परंतु कायद्याची ही सावली कारखान्याच्या छपरापुरतीच पडली. ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही असे शेतमजूर, बांधकाम मजूर, तेंदूपत्ता तोडणारे, हातगाडीवाले आणि हमाल त्या सावलीबाहेर राहिले. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीचा मार्ग काढला आणि १९७७ साली त्याचा कायदा केला, ही देशाला दिशा दाखविणारी गोष्ट होती. पण या कामांची मागणी शेतीचे काम संपल्यावर, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, सर्वाधिक असते आणि मजुरी मात्र खोदलेल्या मातीच्या मापावर ठरते. तापलेली, कडक झालेली काळी जमीन जानेवारीच्या मापाने मेमध्ये खोदता येत नाही. आंध्र आणि तेलंगणात उन्हाळ्यासाठी कामाचे माप कमी धरून पूर्ण मजुरी देण्याची पद्धत अनेक वर्षे होती. विदर्भासारख्या प्रदेशात तिची मागणी जोराने व्हावयास हवी होती.

सरकारी नोंदींची कथा याहून विदारक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे मेली, तर उष्माघाताने ७३०. वीज अंगावर पडली हे सर्वांना दिसते. उन्हाने मात्र मनुष्य घरी येऊन, रात्री, ताप चढून मरतो आणि कागदावर हृदयविकार किंवा ‘अज्ञात कारण’ लिहिले जाते. २०१० च्या मे महिन्यात एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. एका शहरातील एका महिन्याचा हा हिशेब पाहिल्यावर संपूर्ण देशाचा वर्षाचा ७३० हा आकडा किती तोकडा आहे हे कळते. त्या अनुभवानंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णतेविरुद्धचा आराखडा केला. ओडिशात १९९८ च्या उन्हाळ्यात दोन हजारांवर माणसे गेली. त्या राज्याने २०१५ मध्ये उष्णतेची लाट ही राज्याची आपत्ती ठरविली. तामिळनाडूने २०२४ मध्ये आणि तेलंगणाने २०२५ मध्ये तोच निर्णय घेतला. महाराष्ट्राने २०१४ साली वीज पडणे व अवेळी पाऊस यांना राज्याच्या यादीत घेतले, हे योग्यच झाले. परंतु उष्माघात त्या यादीत नव्हता. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातील केंद्राच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. जो मृत्यू आपत्ती ठरत नाही, त्याच्या वारसाला साहाय्य मिळत नाही. आणि ज्याला साहाय्य नाही, त्याची नोंद करून घेण्याची निकड कोणालाच वाटत नाही.

किती तास, आणि कोणते तास

यावर सामान्यतः एक उत्तर दिले जाते : दुपारी बारा ते चार उन्हात जाऊ नका, पाणी प्या, डोक्याला दुपट्टा बांधा. वैदर्भीय मजूर दुपट्टा बांधूनच मोठा झालेला आहे. त्याला ते शिकविण्याची गरज नाही. त्याची अडचण अज्ञानाची नाही, मजुरीची आहे. दुपारी थांबावे तर रोज अर्धा होतो. म्हणून सल्ला नव्हे, कायदा हवा. केरळात श्रम खाते उन्हाळ्यात उघड्यावरील कामाच्या वेळा आदेशाने बदलते. लोकशाहीचा गंध नसलेल्या कतारनेही २००७ पासून भरदुपारच्या कामावर हंगामी बंदी घातली आणि २०२१ मध्ये ती अधिक कडक केली. जे तेथील राजसत्तेला करावे लागले, ते कामगार चळवळीची शंभर वर्षांहून मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्राला अशक्य का वाटावे?

येथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. वर्ध्याचा कोरडवाहू शेतकरी हा काही कारखानदार नव्हे. चार-पाच एकरांचा मालक स्वतःच कर्जात असतो. कमी तासांची पूर्ण मजुरी त्याने द्यावी म्हटले तर शेतकरी आणि शेतमजूर यांना एकमेकांविरुद्ध उभे केल्यासारखे होईल. म्हणून तास कमी करण्याऐवजी तास हलविण्याची मागणी प्रथम पुढे यावी आणि सरकारी कामे, ठेकेदारीची बांधकामे, वीटभट्ट्या येथून तिची सुरुवात व्हावी. लहान शेतकऱ्याच्या बाबतीत बुडालेल्या तासांचा भार शासनाने उचलावा. दुसरी अडचण स्त्रियांची आहे. काम पहाटे पाचला सुरू झाले तर पाणी, चूल आणि मुले आटोपण्यासाठी बाईला तीनला उठावे लागेल. वेळापत्रक बदलताना अंगणवाडी पहाटे उघडण्याची आणि पाणी गावात आणण्याची सोय झाली नाही, तर पुरुषाची दुपार वाचेल आणि स्त्रीची रात्र जाईल.

विजेचा प्रश्नही सोयीच्या असमानतेचाच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाची मोबाईलवरील सूचनायंत्रणा उभी केली आहे. वीस ते चाळीस किलोमीटर परिसरातील विजेचा इशारा ती देते. शास्त्रज्ञांनी आपले काम केले. पण वावरात सरकी टोबणाऱ्या बाईच्या हातात तो मोबाईल नसतो आणि ढग दाटल्यावर तिला उभे राहण्यासाठी झाडाखेरीज आसरा नसतो, जेथे उभे राहणे सर्वांत धोक्याचे. ग्रामपंचायतीचा भोंगा आणि शिवारातला एक पक्का, वीजरोधक बसविलेला निवारा एवढ्या दोन गोष्टींनी पुष्कळ जीव वाचतील.

घराचे म्हणाल, तर शहाणपण बाहेरून आणण्याची गरज नाही. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेरीस, ऐन उन्हाळ्यात, शेगावात आले. तेच गाव पुढे सेवाग्राम झाले. तेथील कुट्या माती, बांबू आणि कवेलूंच्या आहेत. त्यांना जाड भिंती आणि भोवती पडवी आहे. आज त्याच जिल्ह्यात घरकुलाचा निधी पुरत नाही म्हणून गरिबाच्या डोक्यावर टिनाचा पत्रा येतो आणि दुपारी घर भट्टी बनते. बापूकुटी पाहावयास येणारे मंत्री तिच्या साधेपणाला नमस्कार करतात. तिच्या भिंतींपासून घरकुलाच्या आराखड्यात काही घ्यावे, असे कोणास सुचत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली असा अंदाज दिला की, २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातील कामाचे ५.८ टक्के तास, म्हणजे ३ कोटी ४० लाख लोकांच्या पूर्ण रोजगाराइतके श्रम, बुडतील. ज्यांनी धूर सोडला, त्यांचे हे तास नाहीत. ते मजुरांचे तास आहेत.

पक्षाच्या शाखांना आंदोलनाचा मुहूर्त शोधावा लागणार नाही. १ मे रोजी ग्रामसभा असते, तोच कामगार दिन, आणि तेव्हा ऊन ऐन भरात असते. दुपारच्या कामाला बंदी, उन्हाळ्यात मातीचे कमी माप, कामावर सावली व पाणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात उष्माघाताची सक्तीची नोंद आणि आपत्तीच्या यादीत उष्णतेचा समावेश, असे पाच ठराव गावोगावी मंजूर करून तहसीलदाराच्या टेबलावर नेता येतील. मागील उन्हाळ्यात गावात कोण कोणत्या परिस्थितीत गेले, याची यादीही कार्यकर्त्यांनीच घरोघरी जाऊन करावी. सरकार ती करणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली. कामगाराने आठवड्यात किती दिवस आणि दिवसात किती तास राबावे, हे मागच्या पिढ्यांनी लढून ठरविले. ते तास कोणते असावेत, हे ठरविण्याचे काम आता शिल्लक आहे.